एसएमपीएसचा फॅन बदलण्याआधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर एसएमपीएसची, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यांची, रांग लागते. सांगलीत पारा चाळिशीकडे सरकतो, त्याच सुमाराला मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असतात, आणि घरघरणारे, अडकलेले, पूर्ण जाम झालेले फॅन एकामागून एक दुरुस्तीला येतात. हल्ली बरेच जण विचारतात, "फॅनच आहे ना, मग आम्ही घरी बदलला तर?" बदलता येतो. काम अर्ध्या तासाचं आहे. पण तो फॅन ज्या डब्यात बसलेला असतो त्या डब्याने माणसाचा जीव जाऊ शकतो, त्यामुळे उत्तरं लांबली आहेत. निदान कपॅसिटरबद्दलचं, म्हणजे आत वीज साठवून ठेवणाऱ्या भागाबद्दलचं, उत्तर पूर्ण वाचा, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.

आवाज एसएमपीएसमधूनच येतोय हे कसं ओळखायचं?

कॅबिनेटमध्ये तीन-चार फॅन असतात. प्रोसेसरचा, ग्राफिक्स कार्डचा, मागच्या जाळीचा आणि एसएमपीएसचा. जाड कागदाची वीतभर पुंगळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं एकेका फॅनसमोर धरा. आवाज कुठला ते लगेच कळतं. सकाळी पीसी चालू केल्यावर दहा मिनिटं घरघर आणि मग शांत, असं होत असेल तर बेअरिंगमधलं तेल सुकलंय. खडखड असेल तर एखादी वायर पात्याला लागते किंवा पातं तुटलंय.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही नवीन, चांगल्या एसएमपीएसमध्ये कमी लोडला फॅन मुद्दामच बंद राहतो. गेल्या वर्षी एकाने असा धडधाकट एसएमपीएस खोलून आणला होता. वॉरंटीचं स्टिकर फाटलं ते फाटलंच. आधी मॉडेलची माहिती वाचा, मग एखादी जड गेम पंधरा मिनिटं चालवून फॅन फिरतो का ते मागच्या जाळीतून बघा.

फॅन बंद पडलाय, पण पीसी चालतोय. दोन-चार दिवस चालवू का?

नको. आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात आणि साधारण हिशेब असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. चांगल्या एसएमपीएसला जास्त तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असते, स्वस्तातल्यांना अनेकदा ती नसते. तो तापत राहतो, व्होल्टेज डगमगायला लागतं आणि जाताना कधी मदरबोर्ड, कधी हार्ड डिस्क घेऊन जातो. फॅनचा खर्च काही शे रुपयांचा. हार्ड डिस्कवरच्या हिशेबाच्या वह्या आणि मुलांचे फोटो मात्र पैसे देऊनही परत मिळत नाहीत.

पिन काढली, रात्रभर ठेवला. आता धोका संपला ना?

याच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. एसएमपीएसमध्ये शिरल्यावर तिची डीसी होते आणि ती सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. ॲक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसमध्ये तर ३८० ते ४०० व्होल्ट. हे व्होल्टेज एका जाड्या, उभ्या, डब्यासारख्या कपॅसिटरमध्ये साठतं. जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसमध्ये असे दोन कपॅसिटर शेजारी शेजारी असतात आणि व्होल्टेज दोघांत वाटलेलं असतं. ३३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३९० व्होल्टला भरला की त्यात साधारण २५ ज्यूल ऊर्जा असते. ती छातीतून, म्हणजे एका हातातून दुसऱ्या हाताकडे गेली, तर हृदय थांबू शकतं.

पिन काढल्यावर हा साठा हळूहळू उतरावा म्हणून बोर्डावर रेझिस्टर बसवलेले असतात. ते चांगले असतील तर काही मिनिटांत बरंच व्होल्टेज उतरतं. पण ते जळलेले असतील, सोल्डर सुटलेली असेल किंवा स्वस्तातल्या मालात ते बसवलेच नसतील, तर साठा तिथेच बसून राहतो. बाहेरून काहीच कळत नाही.

माझ्याकडे शिकायला असलेल्या मुलाने एकदा जळका एसएमपीएस उघडला. मी म्हणालो, मीटर लाव. तो म्हणाला, "आवो काका, कालच पिन काढलिया की. रातभर पडून हाय." तरी लाव म्हटलं. त्याने लाल-काळी टोकं कपॅसिटरच्या पायांना टेकवली. मीटरवर १३२ आले. त्याने हात इतक्या झटकन मागे घेतला की टेबलावरचे स्क्रू खाली सांडले. ते वेचताना तो एक शब्द बोलला नाही. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे, आणि तिथे नवीन पोराला पहिली गोष्ट तो मीटर लावायलाच शिकवतो.

तेव्हा वेळ मोजू नका, व्होल्टेज मोजा.

घरात ईएलसीबी बसवलाय. तो वाचवेल ना?

इथे नाही. ईएलसीबी लाइनमधून गळणारा करंट पकडून वीज तोडतो. पिन काढलेल्या एसएमपीएसचा घरातल्या लाइनशी संबंधच उरत नाही. साठा कपॅसिटरचा आणि तुम्हीच वाट.

त्याच कारणाने, मदरबोर्ड हाताळताना मनगटाला बांधतात तो अर्थिंगचा पट्टा एसएमपीएस उघडताना बांधू नका. तो तुम्हालाच अर्थला जोडून ठेवतो.

हे काम कोणी करू नये?

ज्याच्याकडे मल्टिमीटर नाही त्याने, आणि ज्याला डीसी आणि एसीची रेंज ओळखता येत नाही त्यानेही. वॉरंटी शिल्लक असेल तर कोणीच नाही, सरळ कंपनीकडे पाठवा. घरात एकटे असाल तर थांबा, दुसरं माणूस घरी असताना करा. आणि जळल्याचा वास आला असेल, आवाज होऊन बंद पडला असेल किंवा कपॅसिटर फुगलेले दिसत असतील, तर तो फॅनचा आजारच नाही. फॅन बदलून काही होणार नाही.

कपॅसिटर रिकामा कसा करायचा?

पीसी बंद करा. मागचं बटण बंद करून पॉवर केबल काढा आणि मग पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. थोडा साठा इथेच उतरतो. एसएमपीएस कॅबिनेटमधून बाहेर काढा आणि वीस मिनिटं तसाच ठेवा.

कोरडं लाकडी टेबल, पायात रबरी चप्पल, हातातलं घड्याळ आणि अंगठ्या काढलेल्या. पावसाळ्यात फरशी ओलसर असते, त्या दिवसांत मी खाली रबरी मॅट टाकतो. आता झाकणाचे चार स्क्रू काढा. झाकण अलगद उचला, कारण बहुतेक वेळा फॅन झाकणालाच असतो आणि त्याची वायर खाली बोर्डाला.

कपॅसिटरचे पाय बोर्डाच्या खालच्या बाजूला असतात. म्हणून बोर्डाचे स्क्रू काढून तो कडेला धरून तिरपा करावा लागतो. धरायचं फक्त कडेला, खालच्या बाजूला बोट जाता कामा नये. खाली प्लास्टिकचा पातळ कागद असतो, तो जपून बाजूला ठेवा.

मीटर डीसी ६०० किंवा १००० व्होल्टवर ठेवा. आधी एखाद्या चांगल्या सेलवर लावून मीटर चालतोय ना ते बघा. मग एक हात पाठीमागे ठेवून दुसऱ्या हाताने मोजा, म्हणजे काळ्या टोकाला क्लिप लावून ती आधी अडकवायची आणि लाल टोक नंतर टेकवायचं. मोजून झालं की मीटर पुन्हा सेलवर तपासा. बंद पडलेला मीटरसुद्धा शून्यच दाखवतो.

बरेच जण इथे एक चूक करतात. बोर्ड उचलायचा कंटाळा म्हणून वरूनच ब्रिज रेक्टिफायरच्या (एसीची डीसी करणाऱ्या भागाच्या) पायांवर मोजतात. जुन्या एसएमपीएसमध्ये ते चालून जातं. पण ॲक्टिव्ह पीएफसीमध्ये ब्रिज आणि कपॅसिटर यांच्यामध्ये एक डायोड असतो. तो उलट दिशेने करंट जाऊ देत नाही, त्यामुळे ब्रिजवर शून्य दिसतं आणि कपॅसिटर पूर्ण भरलेला असतो. मोजायचं ते कपॅसिटरच्याच पायांवर.

व्होल्टेज शिल्लक असेल तर २.२ किलो-ओहमचा १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना चांगलं इन्सुलेशन असलेल्या वायरी आणि प्रोब जोडा आणि कपॅसिटरच्या पायांवर दहा सेकंद धरा. पिवळ्या उजेडाचा जुना ६० वॅटचा बल्ब होल्डरसकट असेल तर तोही चालतो. एलईडी बल्ब मात्र नको, तो काही व्होल्टेज शिल्लक असतानाच करंट घ्यायचं थांबवतो. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची जी पद्धत आहे ती सोडून द्या. टोक वितळतं, बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक उडतो, वितळलेल्या धातूचा कण डोळ्यात जाऊ शकतो.

पुन्हा मोजा. पाच मिनिटांनी आणखी एकदा मोजा, कारण रिकामा केलेला कपॅसिटर थोडं व्होल्टेज परत वर आणतो. दोन कपॅसिटर असतील तर दोन्ही मोजा. पाच व्होल्टच्या खाली आलं की हात घालायचा.

कोणता फॅन आणायचा?

जुना फॅन हातात घेऊन दुकानात जा. हा सगळ्यात सोपा उपाय. मागच्या बाजूला छोटा फॅन असेल तर तो ८० मिलिमीटरचा. वर किंवा खाली मोठा असेल तर १२०, १३५ किंवा १४०. जाडी बहुतेक २५ मिलिमीटर, लहान कॅबिनेटच्या एसएमपीएसमध्ये १५. जाडी चुकली तर झाकण बसत नाही, किंवा बसतं आणि पाती आतल्या कॉइलला घासतात.

लेबलवर डीसी १२ व्होल्ट असतं, पुढे ॲम्पिअर. जुन्यावर ०.२५ असेल आणि नवीन ०.०८ चा "एकदम सायलेंट" म्हणून मिळाला, तर हवा निम्मीसुद्धा मिळणार नाही. आवाज गेला म्हणून तुम्ही खूश आणि आत कपॅसिटर भाजतायत. सांगलीच्या उन्हाळ्यात शांत फॅनपेक्षा पुरेशी हवा देणारा फॅन बघा. ॲम्पिअर फार जास्तही नको, बोर्डावरच्या फॅनच्या सर्किटला ते झेपत नाही. जुन्याच्या जवळपासचा आकडा घ्या.

यापुढची गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. एसएमपीएस फॅनला कायम १२ व्होल्ट देत नाही. हीट सिंकला (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीला) चिकटवलेला एक छोटासा मण्याएवढा थर्मिस्टर असतो, तो गरमी बघून फॅनचं व्होल्टेज कमी-जास्त करतो. थंड असताना ते ४-५ व्होल्टच असू शकतं. काही फॅन एवढ्यावर सुरूच होत नाहीत, जागच्या जागी थरथरतात. म्हणून बसवण्याआधी फॅन ५ व्होल्टवर लावून बघा. दुसऱ्या चालू पीसीच्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवर लाल आणि काळी वायर म्हणजे ५ व्होल्ट. हात न लावता स्वतःहून फिरला तर घ्या.

बेअरिंगमध्ये बॉल बेअरिंग किंवा फ्लुइड बेअरिंग घ्या. साधा स्लीव्ह बेअरिंगचा फॅन आडवा बसवला की लवकर झिजतो, आणि १२० मिलिमीटरवाले फॅन सगळे आडवेच बसतात.

हवा कुठल्या बाजूला जायला हवी?

जुना जसा होता तशीच. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मागचा ८० मिलिमीटरचा फॅन सहसा आतली गरम हवा बाहेर टाकतो. मोठा फॅन बोर्डावर हवा मारतो आणि ती मागच्या जाळीतून निघते. फॅनच्या ज्या बाजूला लेबल आणि आडव्या काड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. मोठ्या फॅनच्या एका कोपऱ्यावर कधीकधी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा असतो. तो कचरा समजून फेकतात. तो हवा योग्य भागाकडे वळवायला असतो, परत लावा.

जुन्या फॅनची पिन वेगळी आहे. वायर कशी जोडू?

काही बोर्डांवर फॅनची दोन पिनांची सॉकेट असते, काहींवर वायर थेट सोल्डर केलेली. दोन्ही वेळा मी तेच करतो. जुन्या फॅनची वायर मधे कापायची, बोर्डाकडचा भाग तसाच ठेवायचा आणि नवीन फॅनची वायर तिला जोडायची. लाल लालला, काळी काळीला. तिसरी पिवळी वायर वेग मोजण्याची असते, बोर्डाला तिची जागा नसेल तर टोक झाकून बांधून ठेवा. जोडण्याआधी वायरमध्ये हीट श्रिंक स्लीव्ह ओवायला विसरू नका, मग सोल्डर, मग स्लीव्ह गरम करून घट्ट. नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळू नका, आतल्या उष्णतेने तिचा गोंद पातळ होतो आणि दोन महिन्यांत ती सुटून लोंबते.

वायर हीट सिंकपासून आणि पात्यांपासून लांब बांधा. काही एसएमपीएसमध्ये २३० व्होल्टच्या बाजूचा हीट सिंक स्वतःच लाइव्ह असतो. स्क्रू जुनेच वापरा. लांब स्क्रू आत जाऊन कशाला टेकला तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

फॅन बाहेरून, चार पिनांच्या कनेक्टरवरून चालवला तर?

चालतो. पिवळी आणि काळी म्हणजे १२ व्होल्ट. वायर केबल बाहेर येतात त्याच भोकातून काढायची. फॅन कायम पूर्ण वेगाने फिरेल, आवाज थोडा जास्त, पण हवा भरपूर. ऊन खाणाऱ्या पत्र्याच्या दुकानात मी स्वतः हाच मार्ग सुचवतो. फॅन आतच बसवायचा असल्याने डबा उघडावाच लागतो, तेव्हा मोजणं चुकत नाही.

थेंबभर तेल टाकून भागेल का?

स्लीव्ह बेअरिंग असेल तर काही महिने भागतं. लेबल सोलून मधल्या भोकात शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब. खोबरेल तेल अजिबात नको. ते २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, आणि डिसेंबरात साताऱ्याकडच्या पहाटे त्याच्या कितीतरी खाली जातात. फॅन सकाळी जाम. त्यासाठीही डबा उघडायचाच आहे, मग मी म्हणेन नवीनच बसवा.

हळदीच्या अडतीतल्या पीसीचं काय करायचं?

या प्रश्नाचं उत्तर मला मनापासून द्यायचं आहे, कारण माझी निम्मी गिऱ्हाइकं तिथलीच. साध्या घरातली धूळ करडी, भुसभुशीत असते, ब्रशने झटकली की जाते. हळदीची धूळ बारीक आणि किंचित तेलकट. ती फॅनच्या पात्यांच्या पुढच्या कडेवर थर देऊन बसते, पिवळ्या नमद्यासारखी. नखाने खरवडली तर सालपट निघतं आणि बोट दिवसभर पिवळं राहतं. पात्यांवर असा थर सारखा बसत नाही, त्यामुळे फॅनचा तोल जातो, तो थरथरतो आणि बेअरिंग एका बाजूने खातं.

तिथे नुसता फॅन बदलून उपयोग नाही. सौद्यांच्या हंगामात दर महिन्याला पिन काढून, बाहेरूनच ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पातं फिरू देऊ नका, प्लास्टिकच्या काडीने अडवून धरा, नाहीतर हवेच्या झोताने ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर, आणि पोत्यांकडे पाठ करून ठेवा. साखर कारखान्याच्या जवळ गाळपाच्या दिवसांत काळी राख पडते, तिथेही हेच.

पुरात भिजलेला एसएमपीएस वाळवून फॅन बदलला तर चालेल?

नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. पाणी उतरल्यावर लोक पोत्यात भरून पीसी घेऊन आले. वरून वाळलेले, चकचकीत पुसलेले. आत ट्रान्सफॉर्मरच्या खाली आणि कपॅसिटरच्या बुडाशी गाळ होता. तो दमट हवेत पुन्हा ओल धरतो आणि ३०० व्होल्टच्या दोन टोकांमध्ये वाट तयार करतो. काहींनी ऐकलं नाही, चालू केले, दोन-तीन दिवस चाललेही. हार्ड डिस्क वाचवायचा प्रयत्न जरूर करा. एसएमपीएस ई-कचऱ्यात द्या.

फॅन बसवला. आता थेट पीसीला लावू?

आधी बाहेरच तपासा. बोर्डाखालचा प्लास्टिकचा कागद जागेवर आहे ना बघा, सगळे स्क्रू आणि झाकण लावा. झाकण उघडं ठेवून पिन लावायची नाही, फॅन फिरताना बघायचा कितीही मोह झाला तरी.

६० किंवा १०० वॅटच्या बल्बचा सिरीज बोर्ड, म्हणजे बल्बमधून पुढे सप्लाय देणारा बोर्ड, असेल तर पहिल्यांदा त्यातून सप्लाय द्या. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भकभकीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, पिन काढा. जुन्या एसएमपीएसवर मागे ११५/२३० चं लाल बटण असतं, ते २३० वरच आहे ना तेही बघून घ्या. सफाई करताना ते सरकतं.

बल्बवर ठीक दिसलं की सिरीजमधून काढून सरळ सप्लायवर लावा. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी वायरच्या तुकड्याने जोडली की एसएमपीएस चालू होतो. लोडसाठी एखादी जुनी हार्ड डिस्क लावा. मीटरवर पिवळ्या वायरला ११.४ ते १२.६ व्होल्ट, लालला ४.७५ ते ५.२५, नारिंगीला ३.१४ ते ३.४७ यायला हवेत. मागच्या जाळीला कागदाचा कपटा धरा, हवेने तो कुठल्या बाजूला जातो ते बघा. अर्धा तास चालू ठेवून डब्याला हात लावा. कोमट असणं ठीक, हात ठेववत नसेल तर हवा कमी पडतेय.

कधी फॅन बदलू नये, सरळ नवीन एसएमपीएस घ्यावा?

सात-आठ वर्षं वापरलेला, हलका, नावगाव नसलेला एसएमपीएस असेल तर. वजन हातात घेऊन बघा. पोकळ डब्यासारखा लागला तर आत हीट सिंक आणि फिल्टरची काटकसर केलेली असते. चांगल्या कंपनीचा, तीन-चार वर्षांचा, कपॅसिटर सपाट डोक्याचे, व्होल्टेज बरोबर आणि फक्त फॅन गेलेला असेल, तर फॅन बदला. माझ्या स्वतःच्या टेबलाखालचा एसएमपीएस दुसऱ्या फॅनवर पाचवा उन्हाळा काढतोय.